अण्णांचा बिल्ला आणि कॅप्टन बॅथर्स्टचं पदक

आगाशीच्या घराची कौलं उतरवायची होती म्हणून गेल्या महिन्यात आम्ही सगळे आत्याकडे जमलो होतो. कौलं उतरवायची म्हणजे माळा रिकामा करायचा, आणि माळा रिकामा करायचा म्हणजे चार पिढ्यांचं 'लागेल कधीतरी' खाली आणायचं. त्यात अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, हत्यारांची पेटी निघाली. रंधा, दोन पटाश्या, एक वाकस, दांडा नसलेलं गिरमीट, पितळी बिजागरीची घडीची फूटपट्टी. आणि तळाशी, फडक्यात गुंडाळलेला एक पितळी बिल्ला. रुपयापेक्षा मोठा, वर भोक पाडलेला, मध्ये ठोकलेला आकडा. बाकी काही नाही.

माझा भाचा चौथीत आहे. त्याने तो उचलला, सदऱ्याला घासून पुसला आणि विचारलं, "मामा, हे पणजोबांचं मेडल ना? कुठल्या लढाईचं?"

मी म्हटलं, "अरे, मेडल नाही ते. हजेरीचा बिल्ला आहे. अण्णा गोदीत सुतार होते. सकाळी फाटकावर बिल्ला घ्यायचा, संध्याकाळी परत टांगायचा. ज्याचा बिल्ला फळ्यावर नाही तो माणूस आत कामावर आहे, असा हिशोब."

त्याचा चेहरा पडला. पण तो हुशार आहे. म्हणाला, "मग परत टांगायचा होता तर घरी कसा आला?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. आत्यालाही नाही. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून कुणी दिला असेल, किंवा अण्णांनीच मागून घेतला असेल.

गोष्ट इथेच संपली असती. पण भाच्याच्या शाळेत 'आमच्या घरातली जुनी वस्तू' असं प्रदर्शन होतं. त्याला हा बिल्ला न्यायचा होता, आणि खाली चिठ्ठीवर लिहायचं होतं 'नौदलाचे पदक'. माझी बहीण म्हणाली, लिहू दे रे, लहान आहे, कोण तपासायला येतंय? माझा जीव मात्र खालीवर झाला. त्याचं कारण शेवटी सांगतो. आधी त्या रात्रीपासून मी जे वाचत सुटलो ते सांगतो. पदक म्हणजे काय, ते कुणाला मिळतं आणि कुणाला मिळत नाही, हा किडा एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

*

सुरुवात एका जहाजापासून करू. नाव 'साल्सेट'. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. वसईच्या किल्ल्यावर उभं राहून खाडीपलीकडे जी जमीन दिसते ती. जानेवारी १८०५ मध्ये मुंबईच्या गोदीत हे ३६ तोफांचं फ्रिगेट पाण्यात उतरलं. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. ब्रिटिश नौदलासाठी मुंबईत बांधलेलं हे पहिलं फ्रिगेट. आधी त्याचं नाव 'पिट' होतं, तेव्हाच्या पंतप्रधानाच्या नावावरून. १८०७ मध्ये ते बदलून 'साल्सेट' केलं. विलायतेच्या पंतप्रधानाचं नाव पुसून आपल्या शेजारच्या बेटाचं नाव जहाजाला मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही!

जमशेटजींचं घराणं मूळ सुरतेचं. लवजी नसरवानजी वाडिया १७३५-३६ च्या सुमारास कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईत आले आणि पुढे दीडशे वर्षं गोदीचे मुख्य बांधणीकार याच घराण्यातले होते. पण इथे आपल्या विरारकरांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. जहाजबांधणी काही लवजींबरोबर उत्तरेतून पहिल्यांदा आली नाही. आमची आगाशी सोळाव्या शतकात लाकडाच्या व्यापारासाठी आणि जहाजं बांधण्यासाठी प्रसिद्ध होती. इतकी, की पोर्तुगीजांनी १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षं ती जाळली. आज आगाशी म्हटलं की लोकांना केळी आठवतात. खाडीच्या काठाने जाताना मला हल्ली उगाच वाटतं, इथे कुठेतरी वाकस चालल्याचा आवाज येत असेल.

मुंबईच्या जहाजांचा जीव सागवानात होता. बरंचसं सागवान मलबारातून यायचं, काही उत्तरेकडच्या जंगलांतून. विलायतेत जहाजं ओकच्या लाकडाची. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागाला तेल असतं, ते खिळे राखतं, आणि कीडही सहसा लागत नाही. शिवाय आपल्याकडच्या कारागिरांची फळ्या जोडायची पद्धत वेगळी होती. फळ्या नुसत्या कडेला कड लावून ठोकायच्या नाहीत. कडांना खाचा पाडून एकीत दुसरी बसवायची आणि मध्ये कापूस नि राळ भरायची. मग पाणी आत यायला वाटच शोधत बसतं. (अण्णा आमच्या देवघराचा दरवाजा दाखवून म्हणायचे, "खिळा हा आळशाचा सांधा." हे तेव्हा मला नुसतं तुसडं वाक्य वाटायचं.)

*

आता या जहाजाचा कप्तान. नाव वॉल्टर बॅथर्स्ट. नेल्सनसारखं याचं नाव कुणाच्या तोंडी नाही, याचे पुतळे चौकाचौकांत नाहीत. नेपोलियनच्या काळातल्या शेकडो नौदल अधिकाऱ्यांपैकी एक. पण मला तो याच कारणासाठी आवडला.

'पिट' नवं कोरं असताना बॅथर्स्ट त्याच्यावर होता. फ्रेंचांचं मॉरिशस तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या पोटात गोळा आणायचं, कारण तिथून सुटलेली फ्रेंच जहाजं हिंदी महासागरात लुटालूट करायची. १८०६ मध्ये बॅथर्स्ट पोर्ट लुईबाहेर पाळत ठेवून होता आणि त्याने काही जहाजं पकडलीही. पाळत ठेवणं म्हणजे काय असेल? महिनोन् महिने तोच समुद्र, तोच किनारा, पिण्याच्या पाण्याला वास, आणि शत्रू बाहेर आलाच नाही तर सांगण्यासारखं काही नाही. नौदलाच्या नोकरीतला बराचसा भाग असाच असतो. पदक मात्र लढाईच्या दिवसाचं मिळतं.

१८०८ मध्ये तेच जहाज, आता 'साल्सेट' म्हणून, बाल्टिक समुद्रात गेलं. रशिया तेव्हा नेपोलियनच्या बाजूला होता. जूनमध्ये 'साल्सेट'ने 'ओपिट' नावाचं १४ तोफांचं छोटं रशियन जहाज पकडलं. छत्तीस तोफांसमोर चौदा! रशियनांनी तरी चिवट झुंज दिली. त्या वर्षाच्या हिवाळ्यात 'साल्सेट' व्यापारी ताफ्याबरोबर असताना बर्फात अडकलं. ताफ्यातली किती तरी जहाजं फुटली, बुडाली. मुंबईचं सागवान तगलं. ही काही मी आपली म्हणून केलेली बढाई नाही. विल्यम टेलर मनी नावाच्या कंपनीच्या माणसाने १८११ मध्ये मुंबईतच जहाजं का बांधावीत यावर एक पुस्तिका लिहिली. त्यात बर्फातून वाचलेलं हे जहाज त्याने पुरावा म्हणून उभं केलं आहे. ज्यांनी बर्फ जन्मात पाहिला नाही अशा सुतारांनी घातलेले सांधे बाल्टिकच्या बर्फाने दाबले, आणि ते उघडले नाहीत. हे वाचताना मी रात्री दीड वाजता एकटाच हसलो.

पुढची गंमत साहित्यप्रेमी मित्रांसाठी. एप्रिल १८१० मध्ये 'साल्सेट' स्मर्नाहून कॉन्स्टँटिनोपलला निघालं तेव्हा त्यावर एक बावीस वर्षांचा पाहुणा होता, लॉर्ड बायरन. परवानगीची वाट पाहत जहाज डार्डानेल्सच्या तोंडाशी थांबलं होतं. ३ मे रोजी बायरन आणि जहाजावरचा लेफ्टनंट एकेनहेड यांनी ती सामुद्रधुनी पोहून पार केली. सव्वा तासाच्या आत. बायरनला या पोहण्याचा आपल्या कवितांइतकाच अभिमान होता म्हणतात. कप्तान अर्थात बॅथर्स्ट. जगातल्या प्रत्येक बायरन-चरित्रात आपल्या साष्टीचं नाव असं चोरपावलांनी येऊन जातं आणि आपल्याला पत्ता नसतो.

यानंतर नेपोलियन पडला, लढाया संपल्या, जहाजं बंदरात बांधली गेली. शेकडो अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसले. बॅथर्स्टला पुन्हा जहाज मिळालं ते 'जिनोआ', ७४ तोफांचं.

२० ऑक्टोबर १८२७. ग्रीसच्या किनाऱ्यावर नवारिनोचा उपसागर. ग्रीकांच्या स्वातंत्र्यलढ्यात ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांचा एकत्र ताफा, समोर तुर्क आणि इजिप्तचं आरमार. (एकोणीस वर्षांपूर्वी ज्यांची जहाजं पकडत होता तेच रशियन आता बॅथर्स्टच्या बाजूला. राजकारण!) निव्वळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई मानतात. ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टन ज्या जहाजावर होता ते 'एशिया', ८४ तोफांचं. ते कुठे बांधलेलं? मुंबईच्या गोदीत. जानेवारी १८२४ मध्ये पाण्यात उतरलेलं.

बॅथर्स्ट त्या लढाईत मारला गेला. ज्याच्या कारकिर्दीत पहिलं नवं कोरं फ्रिगेट मुंबईचं, त्याच्या शेवटच्या लढाईत शेजारी तोफा डागणारं सेनापतीचं जहाजही मुंबईचंच. मधली बावीस वर्षं.

*

आता पदक.

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण नेपोलियनच्या युद्धांत लढलेल्या ब्रिटिश खलाशांना सरकारने तेव्हा पदक दिलंच नव्हतं. मोठ्या लढायांनंतर ॲडमिरल आणि कप्तानांना सोन्याचं पदक मिळायचं. खालच्या लोकांना काही नाही. ट्रॅफल्गर १८०५ मध्ये झालं. सर्वांसाठीचं सरकारी पदक जाहीर झालं १८४७ मध्ये. बेचाळीस वर्षांनी! 'नेव्हल जनरल सर्व्हिस मेडल' हे त्याचं नाव. चांदीचं. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, जी ट्रॅफल्गरच्या वेळी जन्मलेलीही नव्हती. दुसऱ्या बाजूला समुद्रघोड्यावर बसलेली ब्रिटानिया, हातात त्रिशूळ. पांढरी फीत, कडा गडद निळ्या. फितीवर लढाईच्या नावाची चांदीची आडवी पट्टी. अशा दोनशे तीसहून जास्त पट्ट्या मंजूर झाल्या होत्या आणि १७९३ पासून १८४० पर्यंतच्या लढाया त्यांत आल्या. 'नवारिनो' ही त्यातली एक. आणि कडेवर, नुसत्या डोळ्यांना दिसेल असं, ज्याला पदक मिळालं त्याचं नाव.

पण दोन अटी होत्या. एक, माणूस जिवंत पाहिजे. दोन, त्याने स्वतः अर्ज केला पाहिजे. मुदत १८५१ पर्यंत.

या दोन अटींनी काय झालं असेल त्याचा विचार करा. बेचाळीस वर्षांत किती खलाशी उरले असतील? जे उरले त्यांतले किती जण लिहू-वाचू शकत होते? किती जणांच्या खेड्यात ती बातमी पोचली असेल? एकूण पदकं गेली सुमारे एकवीस हजार, आणि बहुतेकांवर एकच पट्टी. युद्धाच्या भरात ब्रिटिश नौदलात एका वेळी लाखाच्या वर माणसं होती. काही पट्ट्या तर मंजूर झाल्या आणि त्या घ्यायला कुणी आलंच नाही.

बॅथर्स्टला अर्थात पदक नाही. तो नवारिनोत मेला, आणि नवारिनोचं पदक नवारिनोतून जिवंत परतलेल्यांना. त्याच्या जहाजावर दारूगोळा वाहून नेणारा एखादा पोरगा १८४७ मध्ये तिशी ओलांडलेला असेल. तो अर्ज करून पदक लावून फिरला असेल. कप्तान मात्र नाही. हे वाचून आधी मला अन्याय वाटला. मग वाटलं, नियम करणाऱ्याने कुठेतरी रेघ ओढायलाच हवी होती. रेघ ओढली की कुणीतरी पलीकडे राहतंच.

*

आपल्या लोकांचं काय? तर आपल्याला पदकं मिळाली, पण वेगळ्या तऱ्हेने. १८०१ मध्ये फ्रेंचांविरुद्ध लढायला मुंबईच्या देशी पायदळाचे शिपाई समुद्रमार्गे इजिप्तला गेले होते. कोकणातली पोरं तांबड्या समुद्रावर उतरली आणि वाळवंट ओलांडून नाईलपर्यंत चालत गेली. कंपनीने त्यांना पदक दिलं. एका बाजूला निशाण धरलेला देशी शिपाई, दुसऱ्या बाजूला जहाज. फरक एकच. त्या पदकाच्या कडेवर नाव नसायचं. कुणाचं हे पदकाला माहीत नाही, आणि ज्याला माहीत होतं तो गेला की संपलं.

आणि एक पदक आपल्यावर मिळालेलं आहे. 'आर्मी ऑफ इंडिया मेडल', १८५१ चं. हेही असंच, हयात लोकांनाच. फिकट निळी फीत. त्याच्या एकवीस पट्ट्यांची यादी वाचताना मराठी माणसाला कसंतरीच होतं. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, कोरेगाव, सीताबर्डी, नागपूर. आपल्या एसटीच्या पाट्यांवरची नावं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये, चांदीत. आणि या यादीतल्या पहिल्या काही नावांचा उगम कुठे आहे? आपल्या वसईत! ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांपुढे हरल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून डिसेंबरमध्ये वसईला आला. ३१ डिसेंबरला त्याने तिथे तहावर सही केली. ज्या वसईसाठी चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये माणसं पाण्यासारखी खर्ची घातली, त्याच वसईत. तह शिंदे-भोसल्यांना मान्य झाला नाही, आणि १८०३ मध्ये असई, अडगाव, गाविलगड झालं. इथे एक कागद, तिकडे तीन पट्ट्या.

योगायोग पाहा. 'त्रिंकोमाली' हे फ्रिगेट मुंबईच्या गोदीतून १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७. पेशवाई बुडायच्या आधी चोवीस दिवस जमशेटजींचे सुतार त्या जहाजाखालचे आधार काढत होते. पेशवाई गेली, अर्नाळ्यासह सगळं गेलं, कंपनीही गेली, राणी गेली, साम्राज्य गेलं. 'त्रिंकोमाली' मात्र इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यात तरंगतंय! तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमधली सर्वांत जुनी. तिच्या कण्यात, पारशी रिवाजाप्रमाणे, बांधणीच्या सुरुवातीला चांदीचा खिळा ठोकला होता.

मराठी आरमाराकडे पदकं नव्हती. विजयदुर्गच्या आनंदराव धुळपांनी ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीच्या दक्षिणेला 'रेंजर' हे इंग्रजी जहाज झुंजून पकडलं. तहाची बातमी दोन्हीकडे धड पोचली नव्हती, ते सोडून द्या. पण आपल्याकडे मोठ्या कामगिरीला मानाची वस्त्रं, कडं, शिरपेच, इनाम गाव. सगळं सरदाराला. शिडं ओढणाऱ्या भंडारी-कोळ्याला काय? त्याचं नाव फार तर एखाद्या हजेरीपटावर. म्हणजे हजेरीच!

*

आता जमशेटजींकडे परत येतो. १८०० मध्ये त्यांनी 'कॉर्नवॉलिस' नावाचं फ्रिगेट कंपनीसाठी बांधलं. सांगतात की त्याच्या आतल्या भागात, तळाशी, कण्यावरच्या तुळईवर, त्यांनी गुपचूप इंग्रजीत कोरून ठेवलं होतं की हे जहाज एका 'काळ्या' माणसाने बांधलं, इ. स. १८००. त्या 'काळ्या'च्या आधी त्या काळचे साहेब लावायचे ती शिवीही होती. अनेक वर्षांनी जहाज दुरुस्तीला गोदीत परत आलं तेव्हा त्यांनी स्वतःच ते अक्षर दाखवलं, अशी गोष्ट आहे. जहाज सगळ्या समुद्रांवर ते वाक्य पोटात घेऊन फिरत होतं, आणि वर डेकवर फिरणाऱ्या एकाही साहेबाला पत्ता नव्हता.

मला ही गोष्ट फार आवडते. पण जमशेटजी मुख्य होते. त्यांचं नाव इतिहासात राहिलं, तैलचित्र राहिलं. त्यांच्या हाताखाली शेकडो माणसं होती. फळ्यांना खाचा पाडणारी, राळ तापवणारी, आधार काढणारी. त्यांतल्या एकानेही कुठल्या तुळईवर काही कोरलं नसेल? मला वाटतं कोरलं असणार. आडोशाला, पटाशीने, एखादं अक्षर. ते 'साल्सेट'च्या पोटात बाल्टिकच्या बर्फात गेलं असेल. बायरन त्याच्यावर झोपला असेल.

*

आता माझं कारण.

कॉलेजात असताना मी सगळ्यांना सांगायचो की माझे आजोबा नेव्हीत होते. खोटं नव्हतं असं मी स्वतःला समजावायचो, कारण गोदी नौदलाचीच ना! पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पांढरा गणवेश यायचा आणि मी तो येऊ द्यायचो. एकदा दोन मित्र दादर-वांद्र्याहून सुट्टीत आगाशीला आले. अण्णा ओटीवर बसले होते. एकाने विचारलं, "आजोबा, एकाहत्तरच्या युद्धात तुम्ही कुठल्या बोटीवर होता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग त्याला म्हणाले, "मी सुतार होतो, बाळा. गोदीत. बोटी आमच्याकडे यायच्या, आम्ही बोटीवर जात नव्हतो." आणि आत जाऊन त्यांनी पोरांसाठी स्वतः शहाळी फोडून आणली.

मला ते त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. ना त्या दिवशी, ना नंतर कधी. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पहाटे काळोखात आगाशीहून निघून विरारची गाडी पकडायची, चर्चगेटला उतरून लायन गेटपर्यंत चालत जायचं, आणि दिवेलागण झाल्यावर घरी. तीस वर्षं. त्या माणसाला त्याच्या नातवाने सांगितलं होतं की तुम्ही जे होतात ते पुरेसं नाही.

म्हणून भाच्याच्या चिठ्ठीपाशी माझा जीव अडकला. एक पिढी ओलांडून तेच खोटं पुन्हा, आणि या वेळी पितळेवर ठोकलेलं.

मी भाच्याला घेऊन बसलो आणि त्याला 'साल्सेट'ची गोष्ट सांगितली. बर्फ, बायरन, नवारिनो. पदक जिवंत राहून अर्ज करणाऱ्याला मिळतं हेही सांगितलं. त्याला बॅथर्स्टचं फार वाईट वाटलं. मग त्याने बराच वेळ बिल्ला उलटसुलट केला आणि विचारलं, "पण मग सुतार नसते तर ते सगळे बुडाले असते ना?"

म्हटलं, "हो. पहिल्याच दिवशी."

चिठ्ठी त्याने स्वतः लिहिली. अक्षर वेडंवाकडं आहे, मी दुरुस्त केलं नाही: 'माझ्या पणजोबांचा हजेरीचा बिल्ला. ते गोदीत सुतार होते. हा बिल्ला त्यांच्याकडे असेल तेव्हा ते कामावर असायचे.'

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. ते एका मुलीच्या पणजीच्या जात्याला मिळालं, आणि रास्तच होतं. बिल्ला आता परत पेटीत आहे, फूटपट्टीशेजारी. आत्या म्हणते घासूनपुसून चौकटीत लावू. मला वाटतं नको. मात्र पेटी माळ्यावर जाणार नाही, एवढं ठरलंय.

असो. गोदीत काम केलेलं तुमच्याही घरात कुणी असेल, तर त्यांच्या पेटीचा तळ एकदा बघा. आणि ते अजून असतील, तर पेटी राहू दे, आधी त्यांच्याशेजारी ओटीवर जाऊन बसा.